आईबाप ठणठणीत, मग पोराला सिकलसेल कसा?

नमस्कार मंडळी. गडचिरोली, नंदुरबार, नागपूर या भागातून कुणी बघत असेल तर सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, हे नाव तुम्ही ऐकलेलंच असणार, आणि "आम्हा दोघांना काहीच नाही, मग पोराला कुठून आलं" हा प्रश्नही. त्यावरून घरात आईला बोल लावतात ना, ते मला अजिबात सहन होत नाही, म्हणून आज नीट समजून घेऊ.

रक्तातलं हिमोग्लोबिन बनवायला लागणारा एक जीन, म्हणजे डीएनएमधली एक सूचना आहे, बीटा ग्लोबिन, अकराव्या क्रोमोसोमवर, म्हणजे डीएनएच्या एका धाग्यावर असतो. त्याच्या प्रत्येकाकडे दोन कॉपी, एक आईची एक बाबांची. एकाच जीनचे जे वेगवेगळे प्रकार असतात त्यांना एलील म्हणतात. इथे नेहमीचा प्रकार ए आणि सिकलचा एस, आणि दोघांत फरक किती, तर डीएनएच्या एका अक्षराचा! तेवढ्यानं प्रोटीनमध्ये सहाव्या जागी ग्लुटामिक अॅसिड या घटकाऐवजी व्हॅलिन हा घटक येतो, मग ऑक्सिजन कमी झाला की हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं, लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य दुखतं.

हे होतं एसएस असेल तर, म्हणजे दोन्ही कॉपी एस. एएस वाला, म्हणजे एक कॉपी ए एक एस, तो माणूस वाहक, त्याच्या शरीरात दोन्ही प्रकारचं हिमोग्लोबिन बनतं पण ए पुरेसं असल्यामुळे तो शेतात राबतो, पोरं वाढवतो, बहुतेकदा आयुष्यभर पत्ताही लागत नाही. उलट वाहकाला लहानपणी गंभीर मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, म्हणून तर जिथे पिढ्यानपिढ्या मलेरिया होता तिथे हा एलील टिकून राहिला.

आता दोघंही एएस असतील तर? बाळाला प्रत्येकाकडून एकच कॉपी जाते, कुठली ते नाणं उडवल्यासारखं. म्हणजे २५ टक्के शक्यता एए, ५० टक्के एएस, २५ टक्के एसएस. आणि एसएस व्हायला दोन्हीकडून एस यावा लागतो, एकट्या आईमुळे पोर एसएस होऊच शकत नाही.

इथेच लोक फसतात बघा. चारात एक म्हणजे पहिलं मूल आजारी निघालं तर पुढची तीन सुटली असं धरून चालतात, पण तसं नाहीये, दर गरोदरपणात नाणं नव्यानं उडतं, आधीच्या पोराचं काय झालं याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही, त्यामुळे दोन्ही पोरं एसएस असलेली घरं आहेत आणि चारही पोरं धडधाकट असलेलीही आहेत.

एक वाहक आणि दुसरा एए, असं असेल तर एसएस मूल होत नाही, निम्मी शक्यता वाहक होण्याची, बस. पण समोरचा बीटा थॅलेसेमियाचा, म्हणजे हिमोग्लोबिन कमी बनण्याच्या दुसऱ्या एका आजाराचा वाहक असेल तर मात्र सावध, कारण एका बाजूनं एस आणि दुसऱ्या बाजूनं बीटा थॅलेसेमियाचा एलील आला तरी सिकलसेलसारखाच आजार होतो.

म्हणून लग्न ठरवताना दोघांचीही तपासणी करा. सोल्युबिलिटी टेस्ट ही रक्ताची साधी तपासणी असते, पण ती फक्त एस आहे की नाही एवढंच सांगते, एएस का एसएस ते सांगत नाही आणि थॅलेसेमिया तर तिला दिसतच नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे करून दाखवणारी टेस्ट लागते, तेव्हा नुसत्या पहिल्या रिपोर्टवर थांबू नका, डॉक्टरांना पुढची टेस्ट मागा.