हरवलेले अंश : जिओडेसिक डोमची भूमिती

[दृश्य : जुन्या घराची भिंत. तांबड्या थरात खरवडलेलं सहा पाकळ्यांचं पांढरं फूल.]

जिओडेसिक डोम म्हणजे नळ्यांचे त्रिकोण जोडून केलेला गोलाकार घुमट. त्याची भूमिती एका जुन्या फुलापासून सुरू करू. गोव्यातल्या जुन्या देवळांच्या आणि घरांच्या भिंतींवर कावी काम दिसतं. चुन्याच्या गिलाव्यावर तांबडा थर द्यायचा, तो ओला असतानाच खरवडायचा, की खालचा पांढरा चुना उमटतो. यातली गोल फुलं कंपासने काढतात. वर्तुळ काढायचं, कंपास तेवढाच उघडा ठेवायचा आणि परिघावरून चालवायचा. सहा पावलांत तो निघाल्या जागी परत येतो.

हे सहा बिंदू एकमेकांना आणि मध्याला जोडा. सहा समभुज त्रिकोण मिळतात. मध्याशी प्रत्येकाचे ६० अंश, एकूण ३६०. जराही जागा उरत नाही, म्हणून फूल भिंतीला सपाट चिकटून बसतं.

[दृश्य : पुठ्ठ्याचे सहा त्रिकोण चिकटपट्टीने जोडलेले. एक काढून घेतात.]

आता पुठ्ठ्याचे असेच सहा त्रिकोण जोडा आणि त्यातला एक काढून घ्या. उरलेल्या पाचांच्या कडा जुळवल्या की मधलं टोक वर उचललं जातं. एकही बाजू वाकवलेली नाही. फक्त ६० अंश कमी झाले आणि सपाटीची टोपी झाली.

प्रत्येक कोपऱ्यावर पाच-पाच त्रिकोण जोडत गेलं की आकृती आपोआप मिटते. त्रिकोण वीस, कोपरे बारा, कडा तीस. हा वीसफलक. बारा कोपरे, प्रत्येकी ६० अंशांची तूट, म्हणजे एकूण ७२०. सतराव्या शतकात फ्रेंच गणिती देकार्तने दाखवलं, की कुठलाही बंद, बहिर्वक्र (कुठेही आत न खचलेला) घनाकार घ्या, त्याच्या कोपऱ्यांवरची तूट मिळून ७२०च भरते. घनाचे आठ कोपरे घ्या, प्रत्येकी ९०. बेरीज तीच.

[दृश्य : मैदानावर पडलेला काळा-पांढरा फुटबॉल.]

फुटबॉल गोव्यात कुणाला समजावून सांगायला नको. पण त्यावरचे काळे तुकडे एकदा मोजा. पंचकोन बारा, पांढरे षट्कोन वीस. डोमचंही तसंच. पूर्ण गोल केला, तर पाच नळ्या एकत्र येणारे सांधे बाराच. बाकी सगळे सहाचे.

वीसफलक ओबडधोबड असतो. सहा मीटर व्यासाचा केला, तर एकेक कड ३.१५ मीटरच्या आसपास जाते. मग प्रत्येक त्रिकोणाच्या तिन्ही कडांचे मध्यबिंदू घेऊन त्याचे चार करायचे. याला दोनची फ्रिक्वेन्सी म्हणतात. कारागीर नुसतं ‘टू व्ही’ म्हणतात.

नवशिक्यांचा गोंधळ इथेच होतो. चार सारखे त्रिकोण झाले, मग नळ्याही सारख्याच कापायच्या ना? नाही. कारण मध्यबिंदू घेतले, तरी ते अजून सपाट पृष्ठावरच आहेत. ३ मीटर त्रिज्येच्या गोलात हे मध्यबिंदू केंद्रापासून २५५२ मिलिमीटरवर असतात. त्यांना बाहेर, गोलाच्या पृष्ठापर्यंत ढकलायचं आहे. ४४८ मिलिमीटर.

[दृश्य : अ‍ॅनिमेशन. एका त्रिकोणाचे तीन मध्यबिंदू बाहेर सरकतात.]

ढकलण्याआधी सगळ्या लहान कडा १५७७ मिलिमीटरच्या होत्या. मधल्या त्रिकोणाच्या प्रत्येक कडेची दोन्ही टोकं बाहेर सरकतात, म्हणून ती चांगलीच ताणली जाते. १८५४ होते. कोपऱ्याकडच्या कडेचं एकच टोक सरकतं, दुसरं आधीपासूनच गोलावर होतं. ती १६४० वर थांबते. दोन लांब्यांचं कोडं एवढंच.

गणिताने हेच दुसऱ्या वाटेने येतं. शाळेत जीवा शिकवतात. जीवा म्हणजे धनुष्याची दोरी. डोमची प्रत्येक नळी ही जीवाच. केंद्राशी होणाऱ्या कोनाच्या अर्ध्याची साईन घ्यायची, दुप्पट करायची, त्रिज्येने गुणायचं. छोट्या नळीचा केंद्रीय कोन ३१.७२ अंश, गुणक ०.५४६५३. मोठीचा ३६ अंश, गुणक ०.६१८०३. त्रिज्या बदलली तरी गुणक बदलत नाहीत. चार मीटरची त्रिज्या? चारने गुणा, झालं. यापुढे छोटीला ‘अ’ म्हणू, मोठीला ‘ब’.

७२० अंशांची तूट मात्र आता बेचाळीस कोपऱ्यांत (जुने बारा, नवे तीस) वाटली गेली. पाचच्या सांध्यावर ती १५.७ उरते, सहाच्या सांध्यावर १७.७. म्हणून प्रत्येक सांधा फक्त किंचित उचललेला दिसतो आणि एकंदर आकार गोल भासतो.

ही रचना पहिल्यांदा अमेरिकेत झाली, असं समजलं जातं. ते खरं नाही. १९२० च्या दशकात जर्मनीतल्या येना इथे वाल्थर बाउअर्सफेल्ड यांनी त्सायस कंपनीच्या प्लॅनेटेरियमसाठी असा डोम उभा केला होता. बकमिन्स्टर फुलर यांचं अमेरिकी पेटंट १९५४ चं. नाव आणि प्रसिद्धी त्यांच्यामुळे मिळाली. १९६७ च्या माँट्रियल प्रदर्शनातला त्यांचा डोम ७६ मीटर व्यासाचा होता. १९७६ मध्ये त्याचं अ‍ॅक्रिलिकचं आवरण जळून गेलं, पोलादी सांगाडा मात्र आजही उभा आहे.

[दृश्य : फोंड्याजवळची वर्कशॉप शेड. गॅल्व्हनाइज्ड पाइपांची चळत.]

कुळागरातल्या, म्हणजे सुपारीच्या बागेतल्या, रोपवाटिकेसाठी सहा मीटर व्यासाचा अर्धगोल डोम घेऊ. आत साडेसव्वीस चौरस मीटर जमीन मिळते. ‘अ’ नळ्या ३०, ‘ब’ ३५. सांधे २६ : पाचचे सहा, सहाचे दहा आणि जमिनीलगत चारचे दहा. दोनची फ्रिक्वेन्सी निवडण्यामागे एक कारण आहे. ती बरोबर मध्यावर सपाट कापली जाते. तीनची घेतली, तर अर्ध्यावर कापताच येत नाही. तीन अष्टमांश किंवा पाच अष्टमांश घ्यावा लागतो, आणि तरी तळाचे सांधे एका पातळीत बसत नाहीत. शिवाय तिथे तीन लांब्या असतात आणि ३ मीटर त्रिज्येला त्यातल्या दोघींत फरक जेमतेम २७ मिलिमीटरचा. ढिगात त्या मिसळल्या, की तिसऱ्या दिवशी अख्खी वरची बाजू उतरवावी लागते. पहिला डोम दोनचाच करावा.

पाइप २५ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचा, भिंत २ मिलिमीटर. बाजारात सहा मीटरची लांबी मिळते. १६४० आणि १८५४ ही मापं भोकापासून भोकापर्यंतची आहेत, पाइपच्या टोकापासून टोकापर्यंतची नाहीत. भोकाच्या पुढे दोन्हीकडे वीस-वीस मिलिमीटर सोडायचे. म्हणजे ‘अ’ कापायची १६८० ला आणि ‘ब’ १८९४ ला. एका पाइपमधून कुठल्याही तीन निघतात. ‘अ’ साठी दहा पाइप, ‘ब’ साठी बारा. एक ‘ब’ शिल्लक राहते, ती टाकू नका. कापल्याबरोबर ‘अ’ च्या टोकाला तांबडा रंग, ‘ब’ ला निळा.

[दृश्य : अगदी जवळून. प्रेसखाली पाइपचं टोक.]

टोक चपटं करताना पाइप फिरवून त्याची शिवण शोधा. लांबीभर जाणारी वेल्डिंगची बारीक रेघ. ती चपट्या तोंडाच्या मधोमध यायला हवी. कडेला, घडीवर आली तर तिथून पाइप उकलतो. कधी लगेच, कधी पहिल्या पावसाळ्यानंतर. चपटं टोक साधारण ३९ मिलिमीटर रुंद होतं. दोन्ही टोकं एकाच पातळीत चपटी हवीत, नाहीतर नळीला पीळ बसतो.

मग भोक. आधी चपटं, नंतर भोक, हा क्रम उलटू नका. चपटं करताना टोक थोडं सरकतं. टेबलावर दोन खुंट्यांचा साचा पक्का करा, एक ‘अ’ साठी, एक ‘ब’ साठी. पहिलं भोक खुंटीत अडकवून दुसरं पाडायचं. टेपने प्रत्येक नळी मोजत बसलं, तर पासष्टातल्या पाच-सहा तरी चुकतातच. दहा मिलिमीटरच्या बोल्टला साडेदहाचं भोक. बारा पाडलं की बोल्ट सहज बसतो, म्हणून लोक पाडतात, आणि मग डोम हालतो.

शेवटी चपटं टोक आत वाकवायचं. कोन केंद्रीय कोनाच्या अर्धा. ‘अ’ ला १६ अंश, ‘ब’ ला १८. दोन अंशांचा फरक हातानेही भरून निघतो. पण अजिबात न वाकवता बोल्टने ओढून आणायला गेलं, की घडीजवळ झिंकचा थर तडकतो. तिथे ब्रशने झिंक पेंट लावाच. समुद्राची हवा अशा भेगा बरोबर शोधते.

सहा टोकं एकावर एक आली की थर २४ मिलिमीटरचा होतो. वर वॉशर, नट. पन्नास मिलिमीटरचा बोल्ट घ्या. किनाऱ्याजवळ स्टेनलेस घ्यायचं तर ३१६ ग्रेडचं. नेहमीच्या ३०४ वर चहासारखे डाग पडतात.

[दृश्य : मोकळी जागा, मध्ये खुंटी, दोरी.]

आता तळ आखायचा. मध्ये खुंटी, तीन मीटरची दोरी, वर्तुळ. मग परिघावर १८५४ मिलिमीटरची पावलं टाकायची. कावी फुलात त्रिज्येची सहा पावलं पडली होती, इथे दहा पडतात. दहावं पाऊल पहिल्या खुणेवर आलं पाहिजे. वीस मिलिमीटरने चुकलं, तर प्रत्येक पाऊल दोन मिलिमीटरने चुकतंय. खुणा पुसा, पुन्हा टाका.

तळाखाली जांभ्याच्या चिऱ्यांची दोन-तीन थरांची भिंत घालतात. उंची मिळते आणि पावसाळ्यातला चिखल आत उडत नाही. पण अँकर बोल्ट थेट चिऱ्यात ठोकू नका. चिरा सच्छिद्र, बोल्ट सुटून येतो. वर काँक्रीटचा पट्टा ओता आणि बोल्ट त्यात बसवा. दहाच्या दहा सांधे. पूर्ण सांगाड्याचं वजन सुमारे १३० किलो. आवरण चढलं की वाऱ्याला तो उचलायला फार कष्ट नाहीत. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा पत्रे कसे उडाले ते इथल्या लोकांना आठवत असेल.

उभारणी खालून वर. आधी दहा ‘ब’ चं कडं. त्यावर एका कडेवर दोन ‘अ’ चा त्रिकोण, पुढच्या कडेवर दोन ‘ब’ चा, असं आळीपाळीने. मग हे दहा शेंडे आडव्या ‘अ’ ने जोडायचे. कामगार दरवेळी इथे थांबतात. ही दुसरी ओळ वाकडी दिसते. ती वाकडीच असते. ‘अ’ वाले शेंडे पट्ट्यापासून १.३४ मीटरवर, ‘ब’ वाले १.५८ वर. दाबून एका पातळीत आणायचा प्रयत्न केला की तळाचं कडं फाकतं.

‘अ’ च्या शेंड्यांवरून वर एक ‘अ’, ‘ब’ च्या शेंड्यांवरून दोन-दोन ‘ब’. त्यावर पाच ‘ब’ चा पंचकोन, आणि वर पाच ‘अ’ ची टोपी. तोवर एकही नट आवळायचा नाही, सगळे बोटाने फिरवलेले. शेवटच्या सांध्यात भोकं जुळत नसतील, तर निमुळती सळी घालून हलकेच ओढा. दहा मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर उरलं असेल, तर कुठेतरी नळी चुकली आहे. हातोडा बाजूला ठेवा आणि रंग बघत खाली या.

दार हा डोमचा दुखरा भाग. गोव्यात ‘घुमट’ म्हटलं की आधी आरतीतलं मातीचं वाद्य आठवतं, पण जुन्या गोव्यातल्या सेंट कॅजेटन चर्चचा दगडी घुमट बघा. अर्धगोल दगडी घुमटात माथ्यापासून साधारण ५२ अंश खाली आलं की थर बाहेर पसरू पाहतात. त्यांना धरायला खाली जाड भिंती लागतात. आपल्या डोममध्ये ते काम तळाच्या दहा ‘ब’ नळ्या करतात. दारासाठी त्यातली एक काढली, की कडं उघडं पडतं. म्हणून आधी चौकट बसवा, तिचे दोन्ही पाय काँक्रीटच्या पट्ट्यात पक्के करा आणि मगच नळी सोडवा.

आवरणाचं क्षेत्रफळ साडेबावन्न चौरस मीटर, पण त्रिकोण कापताना तुकडे वाया जातात, त्याचा हिशेब आधीच धरा. पत्रे किंवा कापड चढवताना मंगळुरी कौलांचा नियम : खालची ओळ आधी, वरची तिच्यावर. माथ्याच्या पाच त्रिकोणांचा उतार फक्त १९ अंश आहे. प्लास्टिक ढिलं राहिलं, तर आषाढात तिथे पाण्याची पोटली साचते. आणि डोमला पागोळ्या नाहीत. भिंतीवरून ओघळलेलं पाणी थेट चिऱ्यांवर येतं, म्हणून शेवटचं कापड पट्ट्याच्या बाहेर वीतभर लोंबतं ठेवा.

[दृश्य : मे महिन्याची दुपार. शिडीवर माणूस, हातात पाना.]

पावसाआधी, मेच्या अखेरीस, सगळे नट एकदा फिरून आवळायचे. मग प्रत्येक नळीवर पान्याने टकटक करायची. ताणात किंवा दाबात असलेली नळी खणखणते. जिचा आवाज बसका येतो, तिच्या दोन्ही टोकांचे सांधे उघडून बघा.