कपच्या वाटेची जागा

मंडळी, इंग्लंडच्या फुटबॉलमधल्या एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या २५ मे २०२४ च्या अंतिम सामन्यापासून सुरुवात करतो. वेम्बलीवर मँचेस्टरचे दोन्ही संघ समोरासमोर. गार्नाचो आणि मेनू या दोन कोवळ्या पोरांनी पूर्वार्धातच गोल केले, सिटीच्या डोकूने शेवटी शेवटी एक फेडला, आणि युनायटेडने २-१ असा कप नेला. त्या दिवशी सर्वांत मोठा फटका बसला तो मात्र न्यूकॅसलला, आणि न्यूकॅसल तर मैदानातच नव्हतं!

झालं काय, ते सांगतो. इंग्लंडमध्ये एफए कप जिंकणाऱ्याला युरोपा लीगची, म्हणजे युरोपभरच्या क्लबांच्या दुसऱ्या दर्जाच्या स्पर्धेची, जागा मिळते आणि लीग कप जिंकणाऱ्याला त्याखालच्या कॉन्फरन्स लीगची. विजेता संघ वर्षभर गुणांवर चालणाऱ्या लीगमधल्या कामगिरीवर आधीच सर्वांत वरच्या चॅम्पियन्स लीगमध्ये पोचला असेल, तर कपची जागा रिकामी होते आणि लीगच्या तक्त्यात खाली सरकते. लीग कप त्या वर्षी चॅम्पियन्स लीगला पोचलेल्या लिव्हरपूलचा होता, म्हणजे ती जागा सरकलेलीच होती. सिटी तर लीगविजेती. ती जिंकली असती तर सहावी चेल्सी युरोपा लीगला आणि सातवं न्यूकॅसल कॉन्फरन्स लीगला गेलं असतं. जिंकलं आठव्या क्रमांकाचं युनायटेड. चेल्सी एक पायरी खाली आली, न्यूकॅसल थेट बाहेर. न्यूकॅसल आणि युनायटेड दोघांचे गुण ६०च. गोलफरक न्यूकॅसलचा अधिक २३, युनायटेडचा उणे १.

न्यूकॅसलच्या माणसांना किती लागलं असेल, हे मला कळतं. तरीही हा निकाल मला योग्यच वाटतो. कप जिंकला त्याला कपचं बक्षीस मिळालं. माझी तक्रार वेगळी आहे. विजेत्याला जागेची गरज नसेल, तर ती लीगकडे का जावी?

पूर्वी तसं नव्हतं. २००४ मध्ये दुसऱ्या श्रेणीतलं मिलवॉल एफए कपच्या अंतिम सामन्यात पोचलं आणि कार्डिफला मँचेस्टर युनायटेडकडून ३-० असं हरलं. युनायटेड चॅम्पियन्स लीगला जाणार होतंच, म्हणून यूएफा कपची (युरोपा लीगचं तेव्हाचं नाव) जागा उपविजेत्याला मिळाली. दक्षिण लंडनमधल्या त्या गोदी कामगारांच्या क्लबच्या मैदानावर हंगेरीचा फेरेन्त्सव्हारोश खेळायला आला. सामना १-१ सुटला, पुढे बुडापेस्टला ३-१ अशी हार झाली, विषय संपला. पण तो एक सामना घरच्या मैदानावर झाला! २०१४ मध्ये हल सिटीलाही आर्सेनलकडून हरून अशीच संधी मिळाली. २०१५ पासून युरोपच्या फुटबॉल संघटनेने, यूएफाने, उपविजेत्याची ही वाट बंद केली. त्याच वर्षी ॲस्टन व्हिला अंतिम सामना हरली आणि जागा गेली लीगमध्ये सातव्या आलेल्या साऊदॅम्प्टनला. ‘हरलेल्याला बक्षीस कशाला?’ असं विचारणारे भेटतात. मी त्यांना विचारतो, सातव्याने तरी काय जिंकलं होतं?

आता क्रिस्टल पॅलेस. १७ मे २०२५ रोजी एझेचा सोळाव्या मिनिटाचा गोल, गोलरक्षक हेंडरसनने अडवलेली मार्मूशची पेनल्टी, आणि सिटीवर १-० विजय. क्लबच्या इतिहासातला हा पहिला मोठा चषक. गंमत अशी की पॅलेसच्या विजयाने युरोपची दारं बंद झाली ती आठव्या आलेल्या ब्रायटनला, त्यांच्या जुन्या वैऱ्याला. पण पॅलेसचा आनंदही टिकला नाही. क्लबमध्ये तेव्हा मोठा हिस्सा असलेले जॉन टेक्स्टर फ्रान्समधल्या ल्यों क्लबचेही मालक होते, आणि ल्योंही युरोपा लीगमध्ये पोचलेलं. एका मालकाच्या प्रभावाखालचे दोन क्लब एका स्पर्धेत चालत नाहीत. आपापल्या लीगमध्ये ल्यों सहावं, पॅलेस बारावं, म्हणून यूएफाने पॅलेसला कॉन्फरन्स लीगला ढकललं. ऑगस्टमध्ये क्रीडा लवादानेही अपील फेटाळलं आणि युरोपा लीगची जागा सातव्या नॉटिंगहॅम फॉरेस्टला मिळाली.

मालकीचा नियम असावा, त्याबद्दल माझा वाद नाही. पण मालकीचा गुंता सोडवायची मुदत होती १ मार्च. त्या दिवशी पॅलेस कुठे होतं? एफए कपच्या पाचव्या फेरीत, याच मिलवॉलविरुद्ध. डोक्यावर लाथ बसून पॅलेसच्या मातेताला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं, तो हा सामना. तक्त्याच्या मध्यावरच्या त्या क्लबला कप आपणच जिंकणार हे त्या दुपारी कुणी सांगितलं असतं? लीगमध्ये मार्चपर्यंत अंदाज बांधता येतो. कपमध्ये पुढची फेरीसुद्धा दिसत नाही. लीगच्या मापाने शिवलेला सदरा कपच्या अंगावर चढवला, तर तो उसवणारच.

आपल्या जवळचंही एक उदाहरण आहे. २०२४-२५ च्या आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, एफसी गोवा दुसरा आला, पहिल्या क्रमांकाची शिल्ड मोहन बागानकडे गेली. गोव्याला आशियाचं दार उघडलं ते सुपर कप या भारतातल्या कप स्पर्धेने. ३ मे २०२५ ला भुवनेश्वरमध्ये त्यांनी जमशेदपूरला ३-० असं हरवलं, बोर्खा हेरेराचे त्यात दोन गोल. ऑगस्टमध्ये फातोर्ड्याच्या घरच्या मैदानावर ओमानच्या अल सीबला २-१ असं नमवून आशियाच्या दुसऱ्या दर्जाच्या चॅम्पियन्स लीग टूचा गट गाठला. त्या गटात रियाधचा अल नासर होता. ऑक्टोबरमध्ये तो फातोर्ड्याला आला. त्यांचा रोनाल्डो आला नाही आणि गोवा १-२ असा हरला. पण गोव्याचा तो एक गोल घातला ब्रायसन फर्नांडिस या गोव्याच्याच पोराने.