मनगट सोडवायचा डाव आणि खरी मारामारी

नमस्कार मंडळी. "ताई, खऱ्या मारामारीत काय चालतं? बॉक्सिंग, एमएमए की कराटे?" हा प्रश्न आता प्रत्येक व्हिडिओखाली येतो. (एमएमए म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालतं तो खेळ.) मी पाठदुखीच्या व्यायामांवर बोलले, तिथेही आला. तर आज तेवढ्याचसाठी बसलेय.

सगळ्यांना ठाऊक आहे ते आधी उरकून टाकते. रिंगमध्ये पंच असतो, घंटा असते, वजनगट असतात, खाली मॅट असते, समोर एकच माणूस असतो आणि त्याच्या हातात हत्यार नसतं. बाहेर यातल्या कशाचीच खात्री नाही. झालं. याबद्दल कोणी भांडत नाही.

मला बोलायचंय ते याबद्दल. [उजवं मनगट कॅमेऱ्यासमोर धरते] मनगट सोडवणे. स्वसंरक्षणाच्या बहुतेक शिबिरांत पहिल्याच दिवशी शिकवतात. कोणी मनगट पकडलं की त्याच्या अंगठ्याच्या दिशेने हात वळवायचा आणि झटक्यात ओढून घ्यायचा. एका बाजूला चार बोटं, दुसऱ्या बाजूला एकटा अंगठा, म्हणून पकड तिथेच कच्ची. तत्त्व बरोबर आहे. मी स्वतः कित्येक जणींना शिकवलंय. पण सराव कसा होतो ते आठवा. जोडीदार मनगट धरतो आणि थांबतो. पुतळ्यासारखा. त्याचा दुसरा हात मांडीला चिकटलेला. तुम्ही हात सोडवता, सगळे टाळ्या वाजवतात, पुढची जोडी येते.

तो का थांबला? मला या एका प्रश्नाचं उत्तर हवंय. मनगट धरून उभं राहण्यासाठी जगात कोणीही कोणाचं मनगट धरत नाही. धरतो तो ओढायला, ढकलायला, नाहीतर दुसऱ्या हाताने मारायला.

मी अकरा वर्षं कराटे केलं. काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचे क्रम, पाठ होते, ब्लॅक बेल्ट होता, आणि आमच्या वर्गात स्पॅरिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची मोकळी लढत, जवळजवळ नव्हतंच. "आपलं तंत्र फार घातक आहे, पूर्ण ताकदीने केलं तर समोरचा मरेल," असं आमचे सर सांगायचे, आणि आम्ही ते मनापासून मानायचो. मग एका मैत्रिणीबरोबर ज्युडोच्या वर्गाला गेले. माझ्यासमोर जी मुलगी आली ती माझ्याहून सात-आठ किलोंनी हलकी, आठ महिने शिकलेली. तिने माझ्या बाहीला धरलं. मी अंगठ्याकडे हात फिरवला, सुटला. तिने लगेच पुन्हा धरलं. पुन्हा सोडवला, तोवर तिचा दुसरा हात कॉलरवर आलेला होता आणि माझे पाय हवेत. त्या संध्याकाळी मी किती वेळा पडले ते मोजलं नाही, पण घरी जाऊन रडले. पडल्याचं दुःख नव्हतं. अकरा वर्षांत एकदाही कोणी मला पुन्हा धरलं नव्हतं, त्याचं होतं.

यामागे एक जुनी गोष्ट आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. 1882 साली तोक्योमधल्या एका मंदिरात, बारा ताताम्यांच्या, म्हणजे बारा गवती चटयांच्या जागेत, जिगोरो कानो यांनी कोदोकान ही ज्युडोची पहिली शाळा सुरू केली. ते जुजुत्सूच्या, म्हणजे जपानच्या जुन्या झटापटीच्या कलेच्या, दोन परंपरा शिकून आले होते आणि त्यांत घातक तंत्रांची कमी नव्हती. कानोंनी ती तंत्रं काताकडे ठेवली. मोकळ्या झटापटीसाठी, ज्याला रांदोरी म्हणतात, फक्त तेवढंच ठेवलं जे पूर्ण ताकदीने करूनही जोडीदार दुसऱ्या दिवशी परत येऊ शकेल. म्हणजे घातक भाग बाजूला काढला आणि नेमकी त्यामुळेच माणसं लढायला शिकली! जे तंत्र तुम्ही विरोध करणाऱ्या माणसावर हजार वेळा केलंय ते तुमचं असतं. जे घातक म्हणून एकदाही केलं नाही, ते फक्त ऐकलेलं असतं.

आता "डोळ्यात बोटं घातली की संपलं" या कमेंट्स. रोज येतात, आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण लिहिणाऱ्याची त्यावर श्रद्धा असते. 1995 साली जपानमध्ये, तोक्योच्या बुदोकान सभागृहातल्या एका स्पर्धेत, युकी नाकाई नावाचा साधारण सत्तर किलोंचा लढवय्या जेरार्ड गोर्डोसमोर उभा राहिला. गोर्डो त्याच्याहून कितीतरी उंच आणि वजनदार, 1993 च्या पहिल्या यूएफसीच्या, म्हणजे एमएमएच्या अमेरिकी स्पर्धेच्या, अंतिम फेरीत पोचलेला. लढतीत गोर्डोने नाकाईच्या डोळ्यात बोट खुपसलं. नियमाविरुद्ध होतं ते. नाकाईचा उजवा डोळा कायमचा गेला. आणि त्याच लढतीत नाकाईने गोर्डोची टाच पिळून त्याला हार मानायला लावली. त्याच रात्री तो आणखी दोनदा लढला. एक लढत जिंकला आणि अंतिम फेरीत रिक्सन ग्रेसीकडून हरला.

दुसरं उदाहरण 1994 चं, यूएफसी 4. तेव्हा जांघेत मारायला बंदी नव्हती. कीथ हॅकनीने खाली पडलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या जांघेत एकामागून एक ठोसे मारले, सगळ्या जगाने पाहिलं, आणि तरी लढत तिथे संपली नाही. गळा दाबल्यावर संपली.

डोळा नाजूक नाही असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण तिथे बोट पोचवायला अंतर राखता यावं लागतं, अंगावर आलेल्या माणसाला थोपवता यावं लागतं, आणि हे सगळं तुम्हाला स्पॅरिंगच शिकवतं. तो गोर्डोसुद्धा वर्षानुवर्षं प्रत्यक्ष फटके खाऊन तयार झालेला माणूस होता.

परत मनगटाकडे येते, कारण एका बाजूने पाहून हे पूर्ण दिसत नाही.

काही वर्षांपूर्वी एका इमारतीच्या जिन्यात एका माणसाने माझं मनगट धरलं. मी तेव्हा ज्युडो करत होते, तरी पहिल्या क्षणी माझा हात हललाच नाही. कान बंद झाल्यासारखे झाले. फक्त त्याचा हात दिसत होता, बाकी जिना दिसतच नव्हता. बोटांतली सफाई अशा वेळी जाते. घाबरल्यावर अंगात जे उसळतं त्याने ताकद वाढते पण बारीक काम जमत नाही. मी अंगठा शोधला नाही. मी खाली बसले, अख्खं वजन खाली टाकलं, पोटापासून ओरडले आणि पाठीमागे रेटा दिला. पकड सुटली आणि मी पळाले. नंतर विचार केला तेव्हा लक्षात आलं की हात सुटला तो अंगठ्याच्याच बाजूने. पण तो सोडवला माझ्या कंबरेने आणि पायांनी. शिबिरात आपण फक्त मनगट फिरवतो.

म्हणून शिकवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. जोडीदाराला ओढू द्या. त्याला दोन्ही हात वापरू द्या. सुटल्यावर पुन्हा धरू द्या. पहिल्या दिवशी हळू करा, पण त्याला विरोध करू द्या. पहिल्या दिवशी कोणालाच जमणार नाही, आणि ते न जमणं मुलींना तुमच्यासमोर कळू दे. जिन्यात नको.

"मग सगळं सोडून एमएमए करायचं का?" थांबा. खेळही माणसाला सवयी लावतो, आणि त्या सवयी नियमांतून येतात. ऑलिंपिकच्या तायक्वांदोत डोक्याला ठोसा मारता येत नाही, म्हणून तिथे हात खाली ठेवून लढणारे दिसतात. आंतरराष्ट्रीय ज्युडो स्पर्धांतून 2013 पर्यंत पायाला हात घालून पाडणं पूर्ण बंद झालं, त्यामुळे नव्या मुलांना पट काढणारा समोर आला की गोंधळ होतो. ज्युडोवाला संकटात सापडला की पालथा पडून अंग आवळून घेतो, कारण थोड्या वेळात पंच थांबवणार हे त्याला माहीत असतं. कुस्तीत पाठ टेकली की संपलं, म्हणून पैलवान पाठ वाचवायला पोटावर वळतो, आणि खऱ्या मारामारीत पाठमोरं होणं फार वाईट. बॉक्सरला मुठीवरच्या पट्ट्यांची आणि ग्लोव्ह्जची सवय असते. 1986 साली माईक टायसन मिच ग्रीनशी रिंगमध्ये दहा फेऱ्या लढला. 1988 च्या ऑगस्टमध्ये हार्लेममध्ये पहाटे तोच ग्रीन रस्त्यावर भेटला, वाद झाला आणि टायसनने उघड्या मुठीने मारलं. टायसनच्याच उजव्या हाताचं हाड तडकलं. जगज्जेता होता तेव्हा तो! कवटी हाडाची असते, आणि मुठीतली हाडं बारीक. उघड्या हाताने मारायचं तर तळहाताच्या मनगटालगतच्या भागाने मारा, हे काही पारंपरिक कला सांगत आल्यात आणि त्यांचं बरोबर आहे.

तो 2017 चा चीनमधला व्हिडिओ, एमएमएवाल्या शू शियाओदोंगने ताई ची ही पारंपरिक चिनी कला शिकवणाऱ्या वेई लेईला काही सेकंदांत खाली पाडलं तो, मला रोज कोणीतरी पाठवतं. कृपा करून आता नका पाठवू. एक माणूस रोज फटके देत आणि खात होता, दुसरा नव्हता, एवढंच त्यात दिसतं. ल्योतो माचिदा वडिलांकडून शोतोकान कराटे शिकला आणि 2009 मध्ये यूएफसीचा विजेता झाला. त्याच्या पवित्र्यात, अंतर ठेवण्यात कराटे स्पष्ट दिसतं. कलेचं नाव तेच, फक्त सरावात समोरचा माणूस जिवंत होता.

आता मनगटाची तिसरी बाजू. सुटलं. पुढे काय? [दोन्ही हात मोकळे करून दाखवते] शिबिरात इथे टाळ्या. खेळात इथून पुढचा डाव. खऱ्या प्रसंगात तुम्ही त्या माणसापासून अजूनही एका हाताच्या अंतरावर उभ्या आहात. पकड सुटताच तुम्ही दोन-तीन पावलं लांब गेला नाहीत तर काहीच झालेलं नाही. म्हणून मी आता सराव असा घेते की हात सुटला तरी मोजायचं नाही. समोरच्या भिंतीला हात लागला की मोजायचं. जोडीदार मागे धावतो. त्याने वाटेत पुन्हा धरलं तर पहिल्यापासून.

आणि हो, चाकूबद्दल विचारणाऱ्यांसाठी: जोडीदाराला एक मार्कर द्या, अंगात जुना पांढरा शर्ट घाला आणि त्याला सांगा, थांबू नकोस, वार करून हात मागे घेत राहा. मग शर्ट बघा. मी दहा वर्षांत एकदाही कोरा शर्ट पाहिलेला नाही.

शेवटचा प्रश्न एका आईचा आहे, तो मी मुद्दाम ठेवला होता. मुलगी बारा वर्षांची आहे, जवळ तीन वर्ग आहेत, कुठला निवडू? ताई, कलेचं नाव बाजूला ठेवा. तिन्ही ठिकाणी एकेक तास जाऊन बसा. भिंतीवरचे चषक बघू नका. दोन मुली समोरासमोर आल्या की एक जण करते आणि दुसरी करू देते, की दुसरी अडवतेय, ते बघा. जिथे दुसरी अडवतेय, आणि पडलेली मुलगी उठून हसत पुन्हा समोर उभी राहतेय, तिथे नाव घाला. आणि पहिल्या महिन्यात ती रोज हरून आली तर तिला काढू नका.