ठाणे जेलमध्ये फाशी गेलेले राघोजी भांगरे पुस्तकात का सापडत नाहीत?

नमस्कार मंडळी! मागे दिसतेय ती ठाणे सेंट्रल जेलची भिंत. तलावपाळीवर फिरायला येणाऱ्या कितीतरी ठाणेकरांना हा मुळात किल्ला आहे हेच ठाऊक नसतं. पोर्तुगिजांनी 1730 मध्ये बांधायला घेतला, 1737 मध्ये मराठ्यांनी जिंकला, 1774 मध्ये इंग्रजांकडे गेला आणि पुढे त्याचा तुरुंग झाला. असो.

19 एप्रिल 1910 ला इथे अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे फाशी गेले. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याला कान्हेऱ्यांनी नाटकाच्या थिएटरात गोळ्या घातल्या होत्या. नाशिकच्या क्रिकेट मैदानाला आज त्यांचंच नाव आहे.

त्याआधी 62 वर्षं, 2 मे 1848 ला, याच जेलमध्ये राघोजी भांगरे फाशी गेले. नगरकडच्या अकोले तालुक्यातल्या डोंगरातले, महादेव कोळी या आदिवासी जमातीचे. तिकडच्या पाड्यांवर त्यांचं नाव आजही निघतं. शहरात मात्र विचारून बघा!

असं का? मला वाटतं, राघोजींची गोष्ट अडचणीची आहे. ते इंग्रजांशी लढले, तसेच सावकारांशीही. सावकारांची नाकं कापली त्यांनी. म्हणजे शत्रू फक्त साहेब नव्हता, कर्जाची वही घेऊन बसलेला आपलाच गाववालाही होता. 'आपण सगळे एक' असं सांगणाऱ्या इतिहासात हा माणूस बसवायचा कुठे?

आणि इतिहासात कोणाला आणि कसं घ्यायचं हे निवडणं जुनंच आहे. शिवाजी महाराजांचंच बघा. 1826 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी ग्रँट डफने मराठ्यांचा इतिहास लिहिला. 1869 च्या पोवाड्यात जोतीराव फुल्यांनी महाराजांना 'कुळवाडी भूषण' म्हटलं, शेतकऱ्यांचा राजा. 1900 मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी ग्रँट डफला उत्तर देत मराठी सत्तेच्या उदयात अख्ख्या समाजाची, संतांचीसुद्धा, जागृती दाखवली. तिघांचे महाराज वेगळे, कारण ज्या लोकांसाठी लिहायचं ते लोक वेगळे. यात लबाडी आहे असं नाही; पण निवड आहेच.

आता उलटी गंमत. रामोशी समाजातले उमाजी नाईक, राघोजी आणि वासुदेव बळवंत फडके, तिघांच्याही नावाआधी 'आद्य क्रांतिकारक' लावतात. कॅलेंडर बघितलं तर 1832 मध्ये फाशी गेलेले उमाजी आधीचे. पण तेवढ्याने वाद मिटत नाही, कारण प्रत्येक समाजाला देशाच्या गोष्टीत पहिल्या पानावर आपला माणूस हवा असतो. हवा असणारच, इतकी वर्षं शेवटच्या पानावरही नव्हता!

उमाजींनी 1831 मध्ये इंग्रजांविरुद्ध जाहीरनामा काढला होता. पुढच्या भागात तोच वाचू.