सर्व्हरवरची फाईल घरी आणा, पण दार सताड उघडं टाकून नको

नमस्कार मंडळी. भाड्याच्या सर्व्हरवर मोठ्या फाईल कशा उतरवायच्या हा व्हिडिओ टाकला, तेव्हापासून कमेंटमध्ये एकच प्रश्न येतोय: "फाईल तिकडे उतरली, आता माझ्या लॅपटॉपवर कशी आणू?" तर आज तेवढंच बघू.

सोपा भाग पटकन उरकतो. सर्व्हरवर एसएसएचने (दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे कमांड चालवायची सोय) आत जा. फाईल ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे सीडी करा, म्हणजे सीडी कमांडने त्या फोल्डरमध्ये जा. मग टाईप करा: पायथन३ स्पेस डॅश एम स्पेस एचटीटीपी डॉट सर्व्हर. एंटर. झाला वेब सर्व्हर सुरू, पोर्ट ८००० वर (पोर्ट म्हणजे संगणकात शिरायच्या वाटेचा क्रमांक). ब्राउझरमध्ये फाईलींची यादी दिसते, क्लिक केलं की फाईल उतरायला लागते. जुन्या लेखांत सिंपल एचटीटीपी सर्व्हर असं नाव सापडेल, ते पायथन २ चं. त्याचा आधार १ जानेवारी २०२० लाच संपला, तिकडे जाऊ नका.

आता इथे थांबा. नव्वद टक्के व्हिडिओ इथेच संपतात आणि माझा जीव तिथेच तुटतो. ही कमांड अशीच चालवली तर सर्व्हर स्वतःच्या सगळ्या पत्त्यांवर ऐकायला बसतो. म्हणजे तुम्हाला जी यादी दिसतेय, ती इंटरनेटवरच्या कुणालाही दिसू शकते. पासवर्ड विचारत नाही, कारण पासवर्डची सोयच त्यात नाही. पायथनच्या स्वतःच्या कागदपत्रांतही लिहिलंय की प्रत्यक्ष वापरासाठी हा सर्व्हर नाही.

माझ्या बाबतीत काय झालं ते सांगतो. घाईत होतो, सीडी करायचं राहिलं, आणि सर्व्हर होम फोल्डरमधूनच सुरू केला. थोड्या वेळाने टर्मिनल बघतो तर अनोळखी पत्त्यांवरून विनंत्या. कुणी डॉट ईएनव्ही मागतंय (त्यात बऱ्याचदा पासवर्ड असतात), कुणी डॉट गिट (कोडचा इतिहास). त्या फाईल माझ्याकडे नव्हत्या, त्यामुळे ४०४, म्हणजे "सापडलं नाही", असं उत्तर गेलं. पण एसएसएचच्या किल्ल्या असलेलं डॉट एसएसएच फोल्डर होतं! हा सर्व्हर डॉटने सुरू होणारी नावंही यादीत दाखवतो. शिवाय तो माझ्याच नावाने चालत होता, म्हणजे मला वाचता येईल ते सगळं तो वाटून टाकणार. त्या रात्री बसून मी सगळ्या किल्ल्या बदलल्या.

यावर कमेंट येणार हे माहीत आहे: "मी पोर्ट बदलतो, ८००० ऐवजी भलताच ठेवतो." अहो, शोधणारे बॉट सगळे पोर्ट तपासू शकतात. पोर्ट बदलणं म्हणजे दार उघडं ठेवून घराचा नंबर बदलणं. आणखी एक: "पेज उघडतच नव्हतं, मग फायरवॉलमध्ये पोर्ट उघडला, आता चालतंय." फायरवॉल तुमचंच रक्षण करत होता हो.

मग करायचं काय? त्याच कमांडच्या पुढे जोडा: डॅश डॅश बाइंड, स्पेस, १२७.०.०.१. आता सर्व्हर फक्त स्वतःशीच बोलतो, बाहेरच्याला तो दिसतच नाही. मग तुम्हाला कसा दिसणार? एसएसएचच्या बोगद्यातून. स्वतःच्या लॅपटॉपवर, सर्व्हरवर नाही, हे टाईप करा: एसएसएच, डॅश कॅपिटल एन, डॅश कॅपिटल एल, मग ८००० कोलन १२७.०.०.१ कोलन ८०००, आणि शेवटी तुमचं नेहमीचं युजरनेम ॲट सर्व्हर.

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात, म्हणून सावकाश सांगतो. पहिला ८००० तुमच्या लॅपटॉपचा. मधला १२७.०.०.१ सर्व्हरचा, म्हणजे सर्व्हरच्या नजरेतून "मी स्वतः". तुमचा लॅपटॉप नव्हे! शेवटचा ८०००सुद्धा सर्व्हरचाच. लॅपटॉपवर ८००० आधीच वापरात असेल तर फक्त पहिला बदला, ९००० करा, आणि ब्राउझरमध्ये १२७.०.०.१ कोलन ९००० उघडा. डॅश कॅपिटल एनचा अर्थ, तिकडे कमांड चालवू नकोस, नुसता बोगदा धरून ठेव. त्यामुळे टर्मिनल गप्प बसलेलं दिसतं. ते अडकलेलं नाही.

खात्री हवी? सर्व्हरवर एसएस डॅश टीएलएन चालवा, कुठल्या पत्त्यावर आणि पोर्टवर ऐकणं चालू आहे ते दिसतं. ८००० च्या आधी १२७.०.०.१ दिसलं तर ठीक. ०.०.०.० दिसलं तर बाइंड राहिलंय, कंट्रोल सी दाबा आणि पुन्हा सुरू करा. मी आजही दर वेळी हे बघतो.

"सरळ आरसिंक का नाही?" असं एका ताईंनी विचारलंय. आरसिंक म्हणजे एका संगणकावरून दुसऱ्यावर फाईल नेणारी कमांड. बरोबर आहे त्यांचं. फाईल खूप मोठी असेल आणि नेट मध्येच तुटत असेल तर आरसिंक डॅश कॅपिटल पीच वापरा, अर्धवट राहिलेलं तिथूनच पुढे सुरू होतं. पायथनच्या या सर्व्हरला ते जमत नाही, कारण फाईलचा मधलाच तुकडा मागितला तरी तो पहिल्यापासून देतो. वेब सर्व्हरच हवा आणि तुटलेलं डाउनलोडही जोडायचं असेल तर एनजिनेक्स हा वेब सर्व्हर घ्या, त्याच्या सेटिंगमध्ये फाईलींची यादी दिसण्यासाठी ऑटोइंडेक्स ऑन करा, आणि लिसनमध्येसुद्धा १२७.०.०.१ कोलन ८००० लिहा. बोगदा तोच. एनजिनेक्सवर ४०३ ("परवानगी नाही") आलं तर फाईलच्या परवानग्या बघून थांबू नका. वरच्या प्रत्येक फोल्डरला एनजिनेक्सच्या युजरसाठी एक्झिक्यूट परवानगी लागते. नेमआय डॅश एल आणि पूर्ण पाथ द्या, कुठे अडलंय ते ओळीओळीने दिसेल.

फाईल आली की दोन्हीकडे शा२५६सम चालवा, ही कमांड फाईलच्या मजकुरावरून एक लांबलचक आकडा काढते. दोन्ही आकडे अक्षर न् अक्षर जुळले, तरच सर्व्हरवरची प्रत पुसा. आणि पायथनच्या त्या टर्मिनलवर जाऊन कंट्रोल सी.