लाल माशांची नदी

[दृश्य: उथळ नदी, पाण्याबाहेर आलेल्या लाल पाठी]

ऑक्टोबर महिना. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातली अ‍ॅडम्स नदी. पाणी गुडघाभर, आणि त्यात लालभडक माशांची ही दाटी.

हा सॉकाय सॅमन. समुद्रात असताना चांदीसारखा लखलखीत होता. फ्रेझर नदीच्या मुखातून आत शिरला आणि खाणं सुटलं. पुढचे सुमारे 500 किलोमीटर, तेही प्रवाहाच्या उलट, तो अंगातल्या चरबीवर पोहत आलाय. वाटेत हेल्स गेटची अरुंद घळ लागते. 1914 साली रेल्वेच्या कामामुळे तिथं दरड कोसळली, माशांची वाट जवळजवळ बंदच झाली. त्यांच्यासाठी पायऱ्यांची वाट बांधायला 1940 चं दशक उजाडलं.

एवढ्या पाण्यातून नेमकी आपलीच नदी सापडते ती वासानं. पिल्लूपणी नाकात बसलेला वास चार वर्षांनीही ओळखीचा असतो.

[दृश्य: पाण्याखाली, मादी]

आता हिच्याकडे बघा. कुशीवर वळते आणि शेपटी फटाफट आपटते. तळाचे गोटे उसळतात, प्रवाह त्यांना मागे ढकलतो. शेपटीची कड झिजून पांढरी पडलीय. खड्ड्यात पर घालून चाचपते. नाही पटलं. पुन्हा खणायला लागते. शेजारी आकडेबाज जबड्याचा, कुबड आलेला नर इतर नरांना हुसकावतोय. खणायच्या कामाला मात्र त्याचा हातभार नाही!

मग दोघं खड्ड्यात अंगाला अंग लावून, तोंडं वासून थरथरतात. केशरी अंडी सुटतात, पाणी क्षणभर दुधाळ होतं. लगेच मादी प्रवाहात थोडी वर सरकून दुसरा खड्डा खणते. त्यातून निघालेली वाळू-खडी पहिल्या अंड्यांवर पांघरूण घालते. अशी तीन-चार हजार अंडी.

पुढं आठवडा-दोन आठवड्यांत दोघंही मरतात. अटलांटिक सॅमन कधी कधी जगतो, पुन्हा समुद्र गाठतो, सॉकाय नाही. अस्वलं, गरुड, सीगल हे मासे खायला काठावर जमतात, उरलेलं काठावरच कुजतं. समुद्रातला नायट्रोजन असा झाडांच्या मुळांपर्यंत पोचतो.

[दृश्य: बर्फाळ काठ, गोट्यांमधली अंडी]

हिवाळा. अंड्यात दोन काळे डोळे दिसू लागलेत. पिल्लू बाहेर येईल ते पोटाला बलकाची पिशवी घेऊन. ती संपली की वसंतात वर, मग वर्षभर शुस्वॅप तलावात, मग समुद्र. तूर्त गोट्यांखालचा अंधार, आणि सतत वाहतं गार पाणी.