मोठा आकडा आणि टो-बॉलवरचा भार

श्रोते हो, नमस्कार. एसयूव्हीच्या माहितीपत्रकात ‘ओढण्याची क्षमता २५०० किलो’ असं ठळक छापलेलं असतं आणि गाडी घेणारा तेवढंच लक्षात ठेवतो. पण घरची पाच माणसं, सामान आणि मागे कॅरॅव्हॅन, म्हणजे ओढून न्यायचं चाकांवरचं घर, असा लवाजमा निघाला, की त्या आकड्यापर्यंत पोचण्याआधीच दुसरी मर्यादा आडवी येते. बहुतेक वेळा ती टो-बॉलशी, म्हणजे ट्रेलर जोडायच्या गाडीमागच्या गोळ्याशी, निगडित असते.

ट्रेलरचा पुढचा दांडा गाडीमागच्या गोळ्यावर जेवढं वजन टाकतो, तो बॉलवरचा भार. त्याची मर्यादा वेगळी असते. काही एसयूव्ही २००० किलो ओढतात, पण बॉलवर १०० किलोच सोसतात. शिवाय गाडी, बॉल ज्यावर बसतो तो गाडीमागचा टो-बार, बॉल आणि त्यावर बसणारं ट्रेलरचं तोंड म्हणजे कपलिंग, या प्रत्येकाची मर्यादा निराळी. त्यातली सर्वांत कमी ती आपली. जड कॅरॅव्हॅन स्थिर चालायला तिच्या वजनाच्या साधारण १० टक्के भार बॉलवर लागतो. युरोपीय बनावटीच्या हलक्या कॅरॅव्हॅन ५ ते ७ टक्क्यांवरही नीट चालतात. कॅरॅव्हॅनच्या पुस्तिकेत जे सांगितलं असेल ते धरा. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर हिशोबच वेगळा, बऱ्याच गाड्यांना मग ७५० किलोचीच परवानगी असते.

आता कागद-पेन्सिल घ्या. समजा, रिकामी गाडी २००० किलोची आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन २६००. म्हणजे हाताशी ६०० किलो. पाच माणसांचे ३५०, सामान आणि छतावरच्या कॅरिअरचे मिळून १२०, टो-बारचे ३०. झाले ५००. उरले १००, आणि बॉलवरचा भार याच शंभरात बसवायचा, कारण तोही गाडीच्याच अंगावर येतो. बॉलची मर्यादा २५० छापलेली असली तरी काय उपयोग? १० टक्क्यांच्या हिशोबानं तुमची कॅरॅव्हॅन १००० किलोची झाली. अडीच हजाराचं हे असं होतं! रिकाम्या वजनात चालक धरलाय का, तेही पाहा. कुठे धरतात, कुठे नाही. शिवाय गाडी आणि ट्रेलर दोन्ही मिळून एक कमाल वजन दिलेलं असतं. ते ४६०० असेल आणि गाडीच २६०० झाली असेल, तर ट्रेलरच्या चाकांवर जास्तीत जास्त २००० चालतील.

बॉल मागच्या ॲक्सलच्याही मागे असतो, त्यामुळे तिथलं वजन पहारीसारखं काम करतं. दोन ॲक्सलमधलं अंतर २.८ मीटर आणि बॉल मागच्या ॲक्सलपासून १.२ मीटर मागे असेल, तर बॉलवरच्या १४० किलोंनी पुढची चाकं ६० किलोंनी हलकी होतात आणि मागच्या ॲक्सलवर २०० किलो वाढतात. पुढची पकड कमी झाली की स्टिअरिंग हलकं लागतं, ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं आणि हेडलाइट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातात. मागे हवेच्या पिशव्या बसवल्या की गाडीची शेपटी वर येते, पण पुढच्या चाकांवरचं गेलेलं वजन परत येत नाही, आणि कुठलीही मर्यादा वाढत नाही. भार विभागणारं हिच, म्हणजे गाडी आणि ट्रेलरमधला खास जोड, त्यातलं काही वजन पुढे परत नेतं; मात्र काही उत्पादक ते वापरायला मनाई करतात, म्हणून आधी गाडीची पुस्तिका पाहा.

भार मोजायला घरातला वजनकाटाही चालतो. ट्रेलर प्रवासाला निघताना असतो तसा पूर्ण भरा, सपाट जागी उभा करा, चाकांना अडण लावा. मजबूत फळीचं एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर ठेवा. दोन आधारांत १२० सेंटिमीटर अंतर. फळीचा आकडा टिपून घ्या. मग विटेपासून ३० सेंटिमीटरवर लाकडी ठोकळा उभा करून त्यावर कपलिंग टेकवा. कपलिंगची उंची गाडीला जोडल्यावर असते तेवढीच हवी. काट्यावरच्या आकड्यातून आधीचा आकडा वजा करा आणि उरलेल्याची चौपट करा.

भार कमी-जास्त करायचा तर सामान हलवा. कपलिंगपासून ट्रेलरचा ॲक्सल ४ मीटरवर असेल, तर ५० किलोचं सामान २ मीटर पुढे सरकवल्यावर बॉलवर २५ किलो वाढतात. पाण्याची टाकी विसरू नका. ८० लिटर म्हणजे ८० किलो, आणि टाकी ॲक्सलच्या पुढे आहे की मागे यावर सगळं ठरतं. ॲक्सलमागची टाकी भरली की बॉलवरचा भार घटतो. बॉल हलका करण्यासाठी जड सामान मुद्दाम अगदी मागे ठेवणं हा सर्वांत वाईट उपाय, कारण मग ट्रेलर डुलायला लागतो.

डुलायला लागलाच, तर गाडीचा ब्रेक जोरात दाबू नका आणि वेग वाढवून तो सरळ करू पाहू नका. ॲक्सिलरेटरवरचा पाय अलगद काढा, स्टिअरिंग सरळ धरा. ट्रेलरचे इलेक्ट्रिक ब्रेक हातानं लावायची सोय असेल तर फक्त तेच हळूच लावा. मग सुरक्षित जागी थांबून मागचं सामान ॲक्सलकडे आणा, आणि पुढच्या मुक्कामी काटा काढून भार पुन्हा मोजा.